जुन्या इंग्रजीतले शीलाचे शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी साहित्य शिकवताना आणि त्यातलं थोडंफार मराठीत आणताना माझ्याकडे ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. शेक्सपिअरचा हॅम्लेट आपल्या प्रेयसीला 'तू प्रामाणिक आहेस का?' असं मध्येच का विचारतो? बायबलमध्ये 'शुद्ध संभाषण' म्हणजे काय? 'मेडन' म्हणजे कुमारिका, मग तो शब्द एका सरदाराला कसा लावला? शब्दकोश उघडला की आजचा अर्थ हाती लागतो. तो घेऊन चारशे वर्षांपूर्वीचं वाक्य वाचायला बसलं की फसगत होते. शील, कौमार्य, पातिव्रत्य यांच्या शब्दांत ही फसगत सर्वांत जास्त होते. म्हणून ही प्रश्नोत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. जुन्या शब्दांचे उच्चार देवनागरीत जमतील तसे दिले आहेत.

'जुनी इंग्रजी' म्हणजे नेमकी कुठली?

अभ्यासक साधारण तीन टप्पे करतात. सुमारे ११०० पर्यंतची ती प्राचीन इंग्रजी. आजच्या इंग्रज माणसालाही ती शिकल्याशिवाय वाचता येत नाही. तिथून १५०० च्या आसपासपर्यंतची मध्ययुगीन, म्हणजे कवी चॉसरची. त्यानंतरची शेक्सपिअरची आणि १६११ च्या इंग्रजी बायबलची. ही तिसरी ओळखीची वाटते, आणि म्हणूनच तिच्यात घसरायला जास्त होतं. या पानावर तिन्ही येतील.

'चेस्टिटी', म्हणजे शील, हा शब्द फ्रेंचमधून आला म्हणतात. त्याआधी इंग्रज लोक काय म्हणत?

'क्लॅने' म्हणत. आजचा 'क्लीन' तो हाच. त्याचं नाम 'क्लॅन्नेस', म्हणजे स्वच्छता. दहाव्या शतकाच्या अखेरीस एल्फ्रिक नावाचा मठवासी धर्मगुरू आपल्या प्रवचनांत ब्रह्मचर्य आणि शुद्ध आचरण यांसाठी हाच शब्द वापरतो. आपल्याकडे 'सोवळं' म्हटलं की धुतलेलं वस्त्र आणि विधीची शुद्धता एकदम डोळ्यांपुढे येते. 'क्लॅने'चं साधारण तसंच होतं.

उलट बाजूचे शब्दही घरचेच होते आणि ते फार बोलके आहेत. व्यभिचाराला 'ॲव्ब्रुचे'. यातल्या 'ॲव'चा अर्थ कायदा आणि विवाहही, आणि 'ब्रुचे' म्हणजे मोडणं. लग्न हाच कायदा, म्हणून व्यभिचार म्हणजे कायदेभंग. जवळच्या नात्यातल्या निषिद्ध संबंधाला 'सिब्लेगर', म्हणजे 'नात्यात निजणं'. अयोग्य संबंधाला 'उन्रिख्ट-हॅमेद'. त्यातल्या 'हॅमेद'चं नातं 'हाम' म्हणजे घर या शब्दाशी आहे.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढच्या दोनतीन शतकांत दरबार, न्यायालय आणि चर्च यांची भाषा फ्रेंच आणि लॅटिन होऊन बसली. हे घरगुती शब्द मागे पडले आणि 'चेस्ट', 'व्हर्जिन', 'फॉर्निकेशन', 'इन्सेस्ट' असे पाहुणे आले. लॅटिनमध्ये 'कास्तुस' म्हणजे शुद्ध. 'इन्सेस्ट' म्हणजे फक्त 'अ-कास्तुस', अशुद्ध. म्हणजे 'चेस्ट' आणि 'इन्सेस्ट' हे एकाच घरातले शब्द आहेत. 'चेस्टाइज', म्हणजे शिक्षा करणं, हाही तिथलाच: मुळात 'शुद्ध करणं'.

तरी 'क्लॅन्नेस' लगेच मेला नाही. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका अज्ञात कवीची याच नावाने ओळखली जाणारी दीर्घ कविता आहे. त्याच हस्तलिखितात आर्थर राजाच्या दरबारातल्या सर गवेनची कथा आहे. त्याच्या ढालीवर पंचकोनी तारा आहे आणि त्याच्या गुणांत औदार्य, बंधुभाव, सौजन्य, करुणा यांच्याबरोबर 'क्लॅन्नेस' मोजला आहे. हा गुण तिथे पुरुषाचा आहे, आणि योद्ध्याचा आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवा.

चेस्ट, व्हर्जिन, सेलिबेट, कॉन्टिनंट: या सगळ्यांचा अर्थ एकच ना?

नाही. ही गल्लत झाली की अर्धं मध्ययुगीन साहित्य उलटं समजतं.

'व्हर्जिन' म्हणजे ज्याचा कधीच शरीरसंबंध आला नाही. 'सेलिबेट' हा लॅटिन 'कायलेब्स'मधून, त्याचा अर्थ फक्त अविवाहित. इंग्रजीत 'सेलिबसी' सतराव्या शतकात रुळला आणि बराच काळ 'लग्न न केलेली स्थिती' एवढंच सांगत होता. आज आपण त्याचा जो 'संबंधांपासून दूर' असा अर्थ घेतो तो पुष्कळ अलीकडचा. 'कॉन्टिनंट' म्हणजे स्वतःला आवरून धरणारा. इच्छा आहे, पण लगाम हातात आहे. आपला 'संयमी' इथे बरोबर बसतो.

'चेस्ट' मात्र या सर्वांहून रुंद. आपल्या स्थितीला जे शोभतं ते आचरण म्हणजे चेस्टिटी. कुमारिकेची चेस्टिटी वेगळी, विधवेची वेगळी, आणि नवऱ्याशी एकनिष्ठ राहून चार मुलांची आई झालेल्या बाईचीही चेस्टिटीच. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या पश्चिम मध्य भागात 'हाली मेइथहाद', म्हणजे 'पवित्र कौमार्य', नावाचं एक प्रवचनवजा पुस्तक लिहिलं गेलं. त्यात या पायऱ्यांचा हिशेब सरळ आकड्यांत दिला आहे: विवाहितेला तीसपट फळ, विधवेला साठपट, कुमारिकेला शंभरपट. हे आकडे बायबलमधल्या पेरणाऱ्याच्या दृष्टान्तातून आले.

या हिशेबात एका खऱ्या बाईची कशी ओढाताण झाली ते पाहा. नॉरफकमधल्या लिन गावची मार्जरी केम्प. जन्म सुमारे १३७३. नवरा जॉन, मुलं चौदा. तिला देवाचा ध्यास लागला आणि नवऱ्याने शरीरसंबंध सोडावा म्हणून ती त्याच्या मागे लागली. १४१३ च्या उन्हाळ्यात दोघं यॉर्कहून परतत होती, तिच्या हातात बिअरची बाटली होती, त्याच्याजवळ केक होता, आणि रस्त्याच्या कडेला क्रुसाजवळ बसून त्यांचा सौदा ठरला: तिने त्याचं कर्ज फेडायचं, शुक्रवारचा उपास सोडून त्याच्याबरोबर जेवायचं, आणि त्याने तिचा नाद सोडायचा. तिच्या पुस्तकात एक जागा आहे जिच्यावर मी दर वर्षी वर्गात थांबते. चौदा बाळंतपणं झाल्यावर आपण कुमारिकांच्या रांगेत कुठून बसणार, या दुःखाने ती कासावीस होते, आणि ख्रिस्त तिला सांगतो की तू आत्म्याने 'मेडन' आहेस. शब्दाची शरीराशी बांधलेली गाठ तिने अशी सोडवून घेतली. हे पुस्तक इंग्रजीतलं पहिलं आत्मचरित्र मानलं जातं. त्याची पूर्ण प्रत थेट १९३४ मध्ये सापडली.

पुढे प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा आली, मठ बंद झाले, आणि लग्नातली चेस्टिटी वरच्या पायरीवर गेली. १५९० मध्ये एडमंड स्पेन्सरने 'द फेअरी क्वीन'च्या तिसऱ्या भागात चेस्टिटी या गुणाची नायिका म्हणून ब्रिटोमार्ट उभी केली. ती चिलखत घालून भाला चालवते आणि आपल्या भावी नवऱ्याच्या शोधात निघते. तिची चेस्टिटी प्रेम टाळणारी नाही, प्रेमाच्या पाठी निघालेली आहे.

'मेडन' पुरुषाला कसा लावत?

सहज लावत. मध्ययुगीन इंग्रजीत 'मेडन' किंवा 'मेड' म्हणजे संबंध न आलेली व्यक्ती, मग ती बाई असो की बुवा. मॅलरीच्या आर्थर राजाच्या कथांत सर गॅलहॅड 'मेड' आहे, आणि म्हणूनच 'होली ग्रेल' या पवित्र प्याल्याचं पूर्ण दर्शन त्याला होतं. हा पुरुषी वापर नंतर सुकला आणि शब्द फक्त मुलींकडे उरला.

याच शब्दाचं एक अपत्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: क्रिकेटमधली मेडन ओव्हर. जिच्यात एकही धाव निघाली नाही, म्हणजे जी 'अस्पर्श' राहिली ती. मेडन स्पीच, मेडन व्हॉयेज यांत 'पहिलंवहिलं' हा अर्थ आहे. इंग्लंडमध्ये फिरत्या फौजदारी न्यायालयाच्या ज्या बैठकीत कोणालाही फाशी झाली नाही, तिला 'मेडन असाइझ' म्हणत.

'मेडनहेड'मध्ये डोकं कुठून आलं?

डोक्याचा संबंध नाही. तो 'हूड' या प्रत्ययाचाच भाऊ आहे, 'गॉडहेड'मध्येही तोच. मेडनहेड म्हणजे मेडनपण. थेम्सकाठचं मेडनहेड गाव मात्र तिसरंच: तिथे शेवटी 'हाइथ', म्हणजे नदीचा धक्का, होता. उच्चार झिजून दोन्ही एकसारखे झाले.

हॅम्लेट ओफीलियाला 'तू ऑनेस्ट आहेस का?' असं का विचारतो?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. मला स्वतःलाही याचं उत्तर कळायला बरीच वर्षं लागली.

'ऑनेस्ट'चं मूळ लॅटिन 'होनेस्तुस', म्हणजे मानाचा, प्रतिष्ठित. १६०० च्या आसपास या शब्दाचे दोन फाटे होते. पुरुष ऑनेस्ट म्हणजे खरं बोलणारा, विश्वासाचा. बाई ऑनेस्ट म्हणजे चेस्ट. हॅम्लेट 'तू खरं बोलतेस का' आणि 'तू शीलवान आहेस का' हे दोन्ही एका शब्दात विचारतो. त्या घडीला ती खरोखर वडिलांच्या सांगण्यावरून त्याला फसवत उभी आहे, वडील आडोशाला लपून ऐकत आहेत. म्हणजे पहिल्या अर्थाने तिच्याकडे उत्तर नाही, आणि दुसऱ्या अर्थाने तिचा काहीच दोष नाही. मराठीत 'प्रामाणिक' लिहिलं की दुसरा अर्थ पडतो, 'पतिव्रता' लिहिलं की पहिला.

'ऑथेल्लो'मध्ये हा शब्द नाटकाचा कणाच आहे. 'ऑनेस्ट' आणि 'ऑनेस्टी' मिळून पन्नासहून जास्त वेळा येतात. सेनापती ऑथेल्लो आपल्या हाताखालच्या कपटी इयागोला उठताबसता 'ऑनेस्ट' म्हणतो, आणि आपली बायको डेस्डिमोना 'ऑनेस्ट' आहे की नाही याचा घोर त्याला इयागोच लावतो. डेस्डिमोना म्हणते, माझे स्वामी मला ऑनेस्ट मानत असतील अशी आशा आहे. ती दोन्ही अर्थांनी ऑनेस्ट आहे. इयागो त्याच्या वाट्याच्या एकमेव अर्थानेही नाही. पुरुषाचा ऑनेस्टपणा त्याच्या जिभेवर ठरतो आणि तो सुखाने खोटं बोलत राहतो. बाईचा तिच्या शरीरावर ठरतो, आणि साक्षीला एक हरवलेला रुमाल पुरतो. एका शब्दाला माणूस पाहून दोन अर्थ असले की काय होतं, हे मला तरी याहून नीट कुठे सापडलेलं नाही.

'टु मेक अन ऑनेस्ट वुमन ऑफ हर', म्हणजे तिच्याशी लग्न करून तिला इज्जत मिळवून देणं, हा वाक्प्रचार सतराव्या शतकापासूनचा. पुरुषाला 'ऑनेस्ट मॅन' करण्यासाठी कोणी लग्न करत नसे.

'व्हर्च्यू' म्हणजे सद्गुण. मग 'तिचा व्हर्च्यू गेला' याचा अर्थ फक्त कौमार्य कसा?

लॅटिन 'व्हिर' म्हणजे पुरुष. हा आपल्या 'वीर' शब्दाचा सख्खा भाऊ, एकाच आदिम मुळातला. त्यावरून 'व्हिर्तुस', म्हणजे पौरुष, शौर्य. इंग्रजीत आल्यावरही बरीच शतकं 'व्हर्च्यू' म्हणजे शक्ती, ताकद, औषधी वनस्पतीचा गुण. १६११ च्या बायबलमध्ये एक आजारी बाई येशूच्या वस्त्राला हात लावते तेव्हा तो म्हणतो की माझ्यातून 'व्हर्च्यू' निघून गेला, म्हणजे शक्ती गेली. आजच्या वाचकाला ते वाक्य भलतंच वाटतं.

त्याच बायबलमध्ये नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायात 'व्हर्च्युअस' स्त्री येते, जिचं मोल माणकांहून जास्त. लोक तिला शीलवती समजतात. पण मूळ हिब्रू शब्द आहे 'हायिल': बळ, सामर्थ्य, जो सैन्यालाही लावतात. ती बाई करते काय? शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, व्यापार करते, चाकरांना कामं वाटून देते. ती कर्तबगार बाई आहे. तिच्या शीलाविषयी स्वतंत्र ओळही तिथे नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून बाईच्या बाबतीत 'व्हर्च्यू'चा अर्थ आक्रसत शीलावर येऊन थांबला. १७४० मध्ये सॅम्युअल रिचर्डसनची 'पामेला' आली. तिच्या उपशीर्षकात 'व्हर्च्यू'चं बक्षीस आहे. नायिका पंधरा वर्षांची मोलकरीण, मालक तिच्या मागे, ती ठाम नकार देत राहते, आणि बक्षीस म्हणून त्याच मालकाशी तिचं लग्न होतं. इथे 'व्हर्च्यू' म्हणजे काय हे वाचकांना समजावून सांगावं लागलं नाही. पुस्तक तुफान खपलं. वर्षभरात हेन्री फील्डिंगने त्याचं विडंबनही काढलं, 'शॅमेला' नावाने.

वीरपुरुषाच्या पराक्रमासाठी जन्मलेला शब्द एका मोलकरणीच्या कौमार्यावर येऊन थांबला. मी वर्गात फळ्यावर एका टोकाला 'वीर' लिहिते आणि दुसऱ्या टोकाला 'पामेला', आणि मधली वाट मुलांना काढायला लावते.

'ॲडल्टरी' हा 'ॲडल्ट'वरून आला का?

नाही. 'ॲडल्ट' वाढण्याच्या धातूवरून. 'ॲडल्टरी' हा भेसळ करणं, बिघडवणं या अर्थाच्या लॅटिन धातूवरून. दुधातल्या भेसळीचा 'ॲडल्टरेशन' त्याचा जवळचा नातेवाईक. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द फ्रेंच वळणाने 'अव्हुट्री' असा होता. पुढे पंडितांनी लॅटिनकडे पाहून त्यात 'ड' परत बसवला.

१६३१ मध्ये लंडनला छापलेल्या बायबलच्या एका आवृत्तीत दहा आज्ञांपैकी सातव्या आज्ञेतला 'नाही' गळाला आणि 'तू व्यभिचार कर' असं छापलं गेलं. रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन ल्यूकस या छापखानेवाल्यांना ३०० पौंड दंड झाला. त्यानंतर वीसच वर्षांच्या आत, १६५० मध्ये, राजाविना चाललेल्या प्यूरिटन राजवटीने व्यभिचाराला मृत्युदंडाचा गुन्हा ठरवलं. त्या कायद्यात बाई विवाहित असेल तरच 'ॲडल्टरी'. विवाहित पुरुष अविवाहित मुलीकडे गेला तर ते नुसतं 'फॉर्निकेशन', तीन महिने कैद. १६६० मध्ये राजा परतला आणि कायदा गेला. व्याख्येतला हा तिरपेपणा त्याच्याबरोबर गेला नाही.

बायबलमधलं 'चेस्ट कॉन्व्हर्सेशन' म्हणजे शुद्ध संभाषण का?

संभाषण नव्हे, चालचलन. 'कॉन्व्हर्सेशन' म्हणजे लोकांत वावरणं, वागणूक, संबंध. १६११ च्या बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात बायकांच्या 'चेस्ट कॉन्व्हर्सेशन'ची स्तुती आहे, ती त्यांच्या वागण्याची. आपल्याकडेही 'तिची चाल चांगली नाही' असं म्हणतात तेव्हा कोणी पायांकडे बघत नाही. त्यातलंच हे.

याच अर्थाने इंग्लिश कायद्यात 'क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन' नावाचा दावा होता. बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषावर नवरा नुकसानभरपाईची फिर्याद करी. बायको त्या खटल्यात पक्षकारही नसे. नवऱ्याची मालमत्ता बिघडली अशी एकूण धारणा. १८५७ च्या कायद्याने हा दावा बंद झाला, तरी घटस्फोटाच्या खटल्यात भरपाई मागण्याची वाट नवऱ्याला उरली. आपल्या भारतीय दंडसंहितेचं कलम ४९७ याच मुशीतलं होतं: तक्रार फक्त त्या बाईच्या नवऱ्याने करायची. सर्वोच्च न्यायालयाने ते २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं.

बायकांसाठीच्या इतक्या शिव्या आल्या कुठून?

बहुतेक शिव्या मुळात शिव्या नव्हत्याच. 'हार्लट' हा आधी पुरुष होता: भटक्या, टवाळ, उनाड माणूस. चॉसर चौदाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या एका पुरुष यात्रेकरूला चांगल्या मनाचा हार्लट म्हणतो. पंधराव्या शतकात तो बाईला चिकटला, तो कायमचा. 'हसी' म्हणजे 'हाउसवाइफ'चाच झिजलेला उच्चार: घर सांभाळणाऱ्या बाईचं नाव झिजता झिजता उठवळ बाईचं झालं. 'वेंच' म्हणजे आधी मूल, मग मुलगी, मग मोलकरीण, मग तसली. 'क्वीन' या उच्चाराचे दोन शब्द आहेत. एक राणीचा, दुसरा थोड्या वेगळ्या स्पेलिंगचा आणि हलक्या बाईचा. दोन्ही 'बाई' या एकाच मुळातून निघालेले. संस्कृत 'जनि' त्याच कुळातला. एक सिंहासनावर गेली, दुसरी गल्लीत.

'होअर' हा प्राचीन जर्मानिक शब्द. त्याचं मूळ 'इच्छा, आवड' यात असल्याचं भाषाशास्त्रज्ञ मानतात: लॅटिनमधला 'प्रिय' या अर्थाचा 'कारुस' आणि आपला 'काम' त्याचे दूरचे आप्त.

विशेषणांत मला सर्वांत बोलकं वाटतं ते 'ल्यूड'. प्राचीन इंग्रजीत 'लॅवेदे' म्हणजे फक्त दीक्षा न घेतलेला, सामान्य माणूस. मग न शिकलेला, मग अडाणी, मग हलका, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कामुक, अश्लील. शिकलेल्यांच्या तोंडात 'साधा माणूस' असा अश्लील झाला. आपल्या 'ग्राम्य'ची वाट आठवा: गावचा, म्हणून असभ्य, म्हणून अश्लील.

'वाँटन'मध्ये 'वान' म्हणजे उणा आणि दुसरा भाग म्हणजे वाढवलेला, वळण लावलेला. संस्कारात उणा. तो 'वान' आणि आपला 'उणा' एकाच मुळाचे. म्हणून हा शब्द खोडकर पोरांनाही लागतो. 'किंग लिअर'मध्ये माश्या मारणारी 'वाँटन' पोरं आहेत, त्यांत कामुक काही नाही.

पुरुषांसाठी असे शब्द नव्हते?

होते, पण कमी, आणि पुष्कळदा लाडाचे. 'लेचर', म्हणजे लंपट, हा फ्रेंचमधल्या 'चाटणं' या क्रियापदावरून, तो खरा बोचरा. 'रेक' हा 'रेकहेल'चा तुकडा, पण अठराव्या शतकातल्या रेकला लोक हसून सोडून देत. आपला 'रंगेल' तसाच, नाही का? 'बाहेरख्याली' जरा तरी टोचतो. पुरुषाला सर्वांत लागणारा शब्द होता 'ककोल्ड', कोकिळेच्या नावावरून. पण तो ज्याची बायको बाहेर गेली त्याला. म्हणजे पुरुषाची बेइज्जतीही बाईच्या शीलावरूनच.

एखादीला नुसतं 'होअर' म्हटलं तर बाई काही करू शकत होती?

हो, आणि करत. सोळाव्या-सतराव्या शतकांत चर्चची स्वतःची न्यायालयं होती. लोक त्यांना 'बॉडी कोर्ट्स', म्हणजे चावट कज्ज्यांची न्यायालयं, म्हणत. लंडनमध्ये तिथे लैंगिक बदनामीच्या फिर्यादी घेऊन येणाऱ्यांत बायकाच बहुसंख्य होत्या. विहिरीवर, दारात, बाजारात कोणी 'होअर' म्हटलं की तो शब्द, ती जागा, ऐकणारे साक्षीदार, सगळं नोंदवलं जाई. त्या काळातल्या साध्या बायकांचे शब्द आपल्यापर्यंत पोचले ते मोठ्या प्रमाणात या कागदांमुळे. आरोप सिद्ध झाला की अपराध्याने पांढरी चादर पांघरून चर्चमध्ये सर्वांसमोर उभं राहायचं, ही ठरलेली शिक्षा.

१८५५ मध्ये चर्चच्या न्यायालयांकडून बदनामीचे खटले काढून घेतले गेले. साध्या न्यायालयात मात्र बाईला आपलं पैशाचं नुकसान दाखवावं लागे. 'माझं नाव गेलं' एवढं पुरत नसे. ही फट बुजवायला १८९१ मध्ये स्त्रियांच्या बदनामीचा स्वतंत्र कायदा आला: स्त्रीवर शीलभ्रष्टतेचा आरोप केला तर नुकसान सिद्ध न करताही दावा चालेल. कायद्यातला शब्द होता 'अनचेस्टिटी'. एल्फ्रिकच्या 'क्लॅन्नेस'नंतर नऊशे वर्षांनीही हिशेब त्याच खात्यात.

'शेमफेस्ड' म्हणजे लाजेने लाल झालेला चेहरा ना?

आज तसंच वाटतं, पण मुळात चेहरा नव्हताच. शब्द होता 'शेमफास्ट'. 'फास्ट' म्हणजे घट्ट रोवलेला, 'स्टेडफास्ट'मधला. लाजेत घट्ट रोवलेली, लाजेने सावरलेली व्यक्ती. १६११ च्या बायबलमध्ये पौल बायकांना 'शेमफास्टनेस'ने सजायला सांगतो. पुढच्या छपायांत तो 'शेमफेस्डनेस' झाला आणि स्थिर उभ्या माणसाचं चित्र पुसून गोरंमोरं तोंड आलं.

आपल्या 'विनयभंगा'चा याच्याशी संबंध आहे का?

थेट आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ३५४ मध्ये स्त्रीच्या 'मॉडेस्टी'वर आघात करण्याच्या हेतूने केलेला हल्ला हा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७४ मध्ये आहे, आणि 'मॉडेस्टी' तशीच आहे. लॅटिन 'मोदुस' म्हणजे माप. जी मापात राहते ती मॉडेस्ट, आपली 'मर्यादा' अगदी. मराठी कायद्याच्या भाषेने तिच्यासाठी 'विनय' निवडला. 'मॉडेस्ट'चेही दोन अर्थ, नम्र आणि शालीन, 'विनय'चेही तेच. शब्द म्हणून निवड नेमकी आहे. तरी रोजच्या बातमीत 'विनयभंग' वाचताना मला अडखळायला होतं. हात टाकणाऱ्याने स्वतःची मर्यादा सोडलेली असते, आणि शब्द सांगतो की बाईच्या विनयाचं काहीतरी मोडलं.

भारतातून या शब्दांच्या कुळात काही गेलं का?

दोन गोष्टी. पोर्तुगीज सोळाव्या शतकात गोव्यात आणि किनाऱ्यावर स्थिरावले. त्यांनी इथल्या जातींना 'कास्ता' म्हटलं, त्यावरून इंग्रजी 'कास्ट' आला. हा 'कास्ता' सामान्यतः 'कास्तो', शुद्ध, याच्याशी जोडतात, म्हणजे पुन्हा तोच लॅटिन 'कास्तुस'. 'चेस्ट' आणि 'कास्ट' हे बहीणभाऊ, आणि दोघेही शुद्धतेचा हिशेब ठेवतात.

दुसरा 'सती'. संस्कृतात 'सत्'ची स्त्री, खरी, चांगली. 'ऑनेस्ट'च्या फार जवळचा शब्द. इंग्रजीने तो बाईवरून काढून चितेवर नेऊन ठेवला: त्यांच्या कागदपत्रांत 'सटी' म्हणजे ती प्रथा. १८२९ मध्ये बंगालमध्ये बंदी आली तीही याच नावाने. आपण 'सती सावित्री' म्हणतो, आणि सावित्री तर नवऱ्याला जिवंत परत घेऊन आली होती.

मग मराठीत भाषांतर करताना काय लिहावं?

एक ठरावीक शब्द धरून बसू नये. शेक्सपिअर मराठीत आला त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली: महादेवशास्त्री कोल्हटकरांचा 'ऑथेल्लो' १८६७ चा, आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून केलेलं 'विकारविलसित' १८८३ चं, देवलांचा 'ऑथेल्लो'वरूनच केलेला 'झुंझारराव' १८९० चा. त्या प्रत्येकाच्या टेबलावर 'ऑनेस्ट' हा शब्द येऊन बसला असणारच.

माझ्यापुरतं सांगते. 'चेस्ट'ला संदर्भाप्रमाणे 'शीलवान', 'निष्ठावंत' किंवा मठाच्या वातावरणात 'शुद्ध'. 'पतिव्रता' मी टाळते, कारण त्यात पती आधीच बसलेला आहे, आणि ब्रिटोमार्टला तो अजून भेटायचा आहे. 'कॉन्व्हर्सेशन'ला 'चालचलन'. 'वाँटन'ला पोरांसाठी आणि थोरांसाठीही 'उनाड' चालतो. नीतिसूत्रांतल्या त्या बाईला 'कर्तबगार'.

'ऑनेस्ट'ला बरेच प्रयोग करून शेवटी 'नेक' घेतला. नेक माणूस म्हणजे सरळ, विश्वासाचा. नेक बाई म्हणजे शीलाची. दोन्ही अर्थ मराठी कानाला लागलीच कळतात. इयागोलाही 'नेक', डेस्डिमोनालाही 'नेक', ओफीलियालाही. 'शेमफास्ट' मात्र अजून माझ्या वहीत कोरा आहे. 'लज्जाशील' पुस्तकी, 'लाजरी' फारच कोवळा, 'मर्यादशील' जवळ येतो, पण त्यात ते रोवून उभं राहणं नाही.